घासून उजळलेली बंदूक

आमच्या घरातली बंदूक विकून टाकायची, हे मी ह्यांच्या तेराव्यालाच ठरवलं होतं. बोलले मात्र नाही. पंगत बसलेली, वाढपी खीर घेऊन फिरतोय, आणि नवरा गेलेली बाई बंदुकीचा विषय काढते म्हटल्यावर लोकांनी मला वेड्यातच काढलं असतं. तशीही सगळ्या गावाची नजर माझ्यावर होती. मी रडत नव्हते ना!

बंदूक म्हणजे ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर काथ्याचा बोळा, मग लोखंडी गजाने ठासायची, घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. एवढा खटाटोप होईपर्यंत कुठलं रानडुक्कर थांबतंय? पण परवाना डुकरांच्याच नावावर होता. पिकाच्या राखणीसाठी म्हणून पोर्तुगीज अमलापासून तो आमच्या घरात चालत आलेला. आमचं गाव नार्व्याच्या अलीकडे, नदीकाठी. शेतं आहेत, केळी आहेत, डुकरंही आहेत. माझ्या लग्नापासून त्या बंदुकीने एकही डुक्कर मारल्याचं मला ठाऊक नाही. निवडणूक आली की ती पोलिसांत जमा करायची, निवडणूक झाली की परत आणायची. आम्ही माझ्या माहेरी गेलो नसू तेवढ्या वेळा ती डिचोलीच्या पोलीस ठाण्यात जाऊन आली.

तिला खरी कामं दोनच. दसऱ्याला पाटावर बसून पूजा करून घ्यायची, आणि जत्रेला बार काढायचा. आमच्या गावच्या देवळातून पालखी निघते तेव्हा पहिलं पाऊल उंबऱ्याबाहेर पडायच्या आधी बंदुकीचा एक बार व्हावा लागतो. तो मान आमच्या घराचा. गोळी नसते, नुसती दारू, पण ती कचकचून ठासलेली, त्यामुळे दस्ता खांद्यावर मुसळासारखा बसतो. सासऱ्यांच्या मागे हा बार हे काढायचे. दुसऱ्या दिवशी खांद्यावर निळाजांभळा डाग, आणि त्या डागाची ऐट किती! पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की हे मुद्दाम उघडेच अंगणात जायचे.

आजारी पडले त्या वर्षीही त्यांनी बार काढला. पोटाचं दुखणं होतं. अंगावरचं मांस उतरून खांद्याचं नुसतं हाड राहिलं होतं, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. धाकटे भाऊजी आमच्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहतात. त्यांनी आपणहून म्हटलं, "दादा, औंदा हांव काडटां बार." ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग मी म्हटलं, "तुम्हाला तो धक्का सोसवणार नाही." त्यावर हे नुसते म्हणाले, "सोय केल्या." मला वाटलं, दारू कमी घालणार असतील.

दारू कमी नव्हती. मी देवळाच्या पायरीवर उभी होते. आवाज झाला, नदीपलीकडून परत आला, आणि हे अर्धं पाऊल मागे सरकले. हात खांद्याकडे गेला. घरी आल्यावर मी विचारलं, "दुखलं ना?" तर म्हणाले, "ना." आता ह्या माणसाच्या 'ना'ला काय अर्थ? पायात खिळा गेला तेव्हाही 'ना'च होतं, आणि डॉक्टर पोट दाबत होते तेव्हाही 'ना'च. मी शर्ट काढून बघायला गेले तर बघू दिलं नाही. मग मीही तोंड फिरवून भांडी घासत बसले. त्या जत्रेनंतर त्यांनी जे अंथरूण धरलं ते सोडलं नाही. पावसाच्या आधी गेले.

डॉक्टरांनी कधी बंदुकीचं नाव घेतलं नाही. घेणारही कसे? पण माझ्या मनाने घेतलं. होता तो जोर त्या एका धक्क्यात गेला, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. बंदुकीने डुक्कर मारलं नाही, पण माझा माणूस नेला. म्हणून ती मला घरात नको होती.

एवढा राग असून रडू मात्र येत नव्हतं. राग असा उफाळूनही येत नव्हता. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तसं सगळं झालं होतं. भात शिजवत होते, तुळशीला पाणी घालत होते, आल्यागेल्याला चहा करत होते. शाळेत तीस वर्षं पोरांना निबंध लिहायला लावून निवृत्त झाले, तेव्हा शब्दांचा तोटा नव्हता. पण शेजारीण जवळ घेऊन म्हणायची, "रड गो बाय, मेकळी जा," आणि मला वाटायचं, हिच्या अंगाला सुक्या बांगड्याचा वास येतोय. बस्स, तेवढंच.

त्या आजारपणातली एकच गोष्ट आठवून मला हसू फुटल्यासारखं व्हायचं. माझी मागच्या दारची निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल, विहिरीवर जायची, वर्षानुवर्षं घालून मऊ पडलेली. जत्रेच्या थोडं आधी त्यातली उजवी नाहीशी झाली. मी सगळा दोष कुत्र्याला दिला. त्याला काठी दाखवली, दुपारचा भातसुद्धा उशिरा घातला. हे आजारी असूनही काठी टेकत टेकत माझ्याबरोबर शोधायला आले. माडाच्या चुडतांच्या ढिगाखाली वाकून बघितलं, गोठ्यात बघितलं. "कुत्र्याचा भरवसो ना," असंही म्हणाले. कुत्रा बिचारा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. एकटी डावी ठेवून काय करणार म्हणून मी ती पंचायतीच्या प्लास्टिकच्या पोत्यात टाकून दिली.

हे गेल्यावर परवानाही त्यांच्याबरोबर गेला आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. वर्षश्राद्ध उरकल्यावर भाऊजी माझ्याकडे आले. ओसरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. खाणी चालू होत्या तोवर त्यांनी खनिजाचा ट्रक चालवला, आता केळी करतात. सरळ माणूस, पण मानापुढे त्यांना काही दिसत नाही.

"वैनी, बंदूक माज्या नावार करून घेवया. ती गेली की आमचो मान गेलो. मागीर बार कोण काडटलो? पेटारे लावन पालखी काडपाची?"

पेटारे म्हणजे फटाके. बंदूक ठाण्यात असल्यामुळे त्या वर्षीच्या जत्रेत तेच लावावे लागले होते. ते म्हणताना त्यांचं तोंड कडू झालं होतं.

मी म्हटलं, "मला ती विकायची आहे."

 मी थोरली, माझ्या 'ना हरकत'शिवाय परवाना त्यांच्या नावावर होणार नव्हता. भांडायचा त्यांचा स्वभाव नाही, माझा आहे, पण तोही तेव्हा बधिर होता. शेवटी असं ठरलं की जाणकाराला दाखवायची. जुनी, मोलाची निघाली तर विकायची आणि त्या पैशांतून देवळाला मोठी घाट, म्हणजे घंटा, द्यायची, म्हणजे मान घाटेच्या रूपाने राहील. कवडीमोल निघाली तर भाऊजींनी ठेवायची. भाऊजी ह्याला कबूल झाले, कारण ती मोलाची आहे ह्याबद्दल त्यांनाही शंका नव्हती. फक्त एवढ्या मोलाची वस्तू मी विकेन, हे त्यांना खरं वाटत नव्हतं. जुनं ते सोनं, हे आम्ही दोघेही धरून चाललो होतो.

जाणकार हरमलचे. किनाऱ्यावर शॅक, म्हणजे पर्यटकांसाठीची झापांची हॉटेलं, आहेत तिकडे त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. पडक्या घरांतली कपाटं, नक्षीच्या खुर्च्या, जुनी जनेलं म्हणजे खिडक्या घेऊन ते परदेशी लोकांना आणि हॉटेलवाल्यांना विकतात. तरुणपणी काही वर्षं ते विलायतेत लिलावाच्या पेढीवर कामाला होते, तिथे त्यांच्या हाताखालून शेकड्यांनी बंदुका गेल्या म्हणे. स्कूटरवरून डिचोलीच्या पोलीस ठाण्यात आले, हेल्मेट काढून बगलेत धरलं आणि मला नमस्कार केला. माणूस नेटका होता. फक्त बोलताना आपल्याकडे न बघता वस्तूकडे बघायची सवय.

हवालदाराने बंदूक कोठीतून आणून मेजावर ठेवली. वर पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी पासपोर्टच्या चौकशीसाठी येऊन बसलं होतं. बंदूक त्या उजेडात अशी चकाकली की भाऊजींची मान ताठ झाली. हवालदारही कौतुकाने म्हणाला, "बरी दवरल्या मरे!"

जाणकारांनी मात्र डोळे बारीक केले.

"हिला घासलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"माझ्या यजमानांनी," मी म्हटलं.

"दर वर्सा," भाऊजींनी अभिमानाने भर घातली. "दसऱ्याक पुजेची वस्तू लख्ख नाका?"

आणि खरंच, त्या घासण्याबद्दल ह्यांना जेवढं वेड होतं तेवढं कशाचंच नव्हतं. चवथीच्या आधी घरातल्या समया, तांबे, ताम्हण सगळं पोत्यात घालून डिचोलीच्या बाजारात उजळायला जायचं, त्यात बंदुकीची पितळी पट्टी आणि घोड्याखालची लोखंडी पाटी खोलून तीही जायची. उरलेलं घरी, चिंच आणि राख लावून. दस्त्याला वॉर्निशचा हात, दर वर्षी एक, त्यामुळे लाकडावर साखरेच्या पाकासारखा थर. एक वर्ष तर, मोटरसायकलच्या सायलेन्सरला निकेलचं पाणी चढवतात त्या दुकानात ते नळी घेऊन गेले. परत आले तेव्हा नळी भांड्याच्या दुकानातल्या पेल्यासारखी पांढरी. गावाने तोंडात बोट घातलं. मीही म्हटलं होतं, छान दिसते. आमच्याकडे देवाच्या कामाची वस्तू झिजलेली, डागाळलेली ठेवत नाहीत. मूर्ती झिजली तर वज्रलेप करतात, तडा गेला तर विसर्जन करतात. झिजलेलंच ठेवावं, त्यातच त्याचं मोल असतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

जाणकारांनी खिशातून भिंग काढलं आणि घोड्याखालच्या पाटीवर धरलं. बराच वेळ तिथेच होते.

"इथे कारागिराचं नाव होतं," ते म्हणाले. "नक्षी होती. आता तिची नुसती सावली राहिली. वाचता येत नाही."

"पुसून गेलं?"

"घासून गेलं. लोखंडाला वरून जो काळसर तपकिरी रंग येतो ना बाय, ती त्याची कातडी. ती यायला शंभर-दीडशे वर्षं लागतात. ती काढली की मग खालचं लोखंड कोणाचं, कधीचं, कसं सांगायचं? आणि वर हे निकेल." त्यांनी नळीवरून बोट फिरवलं, आणि एखाद्या पोराच्या परीक्षेचे गुण बघावेत तसं तोंड केलं. "ही नळी पुढून कापलेलीही आहे. मुळात आणखी हातभर लांब असणार."

ते सासऱ्यांचं काम. नळीचं तोंड फाटलं होतं, तेव्हा त्यांनी करवतीने कापून घेतलं होतं. भाऊजींनी ते सांगितलं, पण आता आवाज खाली आला होता.

मग जाणकारांनी घोडा मागे-पुढे करून बघितला, आणि पहिल्यांदाच चेहरा जरा उजळला. म्हणाले, ही बंदूक मुळात गारगोटीची. गारेची ठिणगी पडून दारू पेटायची. पुढे टोपीची पद्धत आली तेव्हा कोणीतरी जुना घोडा काढून हा बसवला. त्यासाठी पाडलेलं भोक त्यांनी आम्हाला दाखवलं.

"म्हणजे हेही मोडतोडच," मी म्हटलं.

"नाही. हे चालतं. ह्याने किंमत फारशी उतरत नाही, कधी कधी चढतेसुद्धा. हा बदल बंदूक वापरात होती तेव्हाचा, वापरणाऱ्याने गरजेपोटी केलेला. तो तिच्या आयुष्याचा भाग झाला. आणि हे पॉलिश, निकेल, वॉर्निश ही नुसती हौस. हौसेने केलेल्याने माल मरतो."

हौसेला मोल नाही असं आम्ही म्हणतो ते वेगळ्या अर्थाने. हे ऐकायला ह्यांना इथे असायला हवं होतं, असं माझ्या मनात आलं. चांगलं जुंपलं असतं दोघांचं.

"मग किंमत?" मी विचारलं. मला अजूनही ती विकायची होती.

"होती तशी ठेवली असती तर मी तुम्हाला दिल्लीच्या माणसाकडे पाठवलं असतं. आता..." त्यांनी बंदूक हळूच उलटी केली. "आता कोणी संग्राहक घेणार नाही. निकामी करून एखाद्या शॅकवाल्याने भिंतीवर टांगायला घेतली तर घेतली."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. ठरल्याप्रमाणे ते जिंकले होते, पण चेहरा हरल्याचाच होता. ज्याच्यावर घराचा मान उभा, ते शॅकच्या भिंतीवर टांगण्याच्या लायकीचं, हे ऐकून घेणं सोपं नाही. मला काय वाटलं? खरं सांगायचं तर काहीच नाही. आता ही बला पुन्हा घरी येणार, एवढाच हिशेब डोक्यात आला.

जाणकार दस्त्याच्या टोकाकडे वळले होते. खांद्याला लागतो त्या भागावर काळं रेक्झिन ताणून बसवलेलं होतं, कडेने बारीक चुका मारलेल्या. मी ते आधी कधी पाहिलं नव्हतं. भाऊजींनीही नाही.

"हे अगदी अलीकडचं," जाणकार म्हणाले. "स्कूटरच्या सीटचं कापड दिसतंय. खाली काय आहे बघू? मूळ पितळी पट्टी असली तर थोडी आशा आहे."

मी मान हलवली. हवालदाराने पाना-पेचकसाचा डबा आणून दिला. त्यांनी एका बाजूच्या चुका उचकटल्या आणि रेक्झिन दुमडून मागे केलं.

खाली रबर होतं. निळसर पांढरं, दस्त्याच्या आकारात धारदार सुरीने कापलेलं, दोन थर एकावर एक. वरच्या थराला एक भोक होतं, आणि त्या भोकात निळ्या पट्ट्याचा तुटका खुंट तसाच राहिला होता. भोकाच्या बाजूला अंगठ्याचा खळगा.

तो अंगठा माझा होता. माझा उजवा अंगठा थोडा आत वळलेला आहे, लहानपणी विहिरीच्या पायरीवर ठेचकाळल्यापासून. कुठलीही चप्पल घातली तरी खळगा तिरका पडतो. मेजावर पंख्याखाली, पोलिसांच्या देखत, तो तिरका खळगा माझ्याकडे बघत होता.

"चप्पल?" हवालदार म्हणाला.

भाऊजी ताडकन उठले. "पुजेचे बंदुकेक चप्पल? दादान?" त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "आनी आमी जत्रेक तिका पालखेमुखार धरली! फुलां घातलीं! वैनी, पायताण गो तें!"

गेल्या कित्येक वर्षांत ते मला पहिल्यांदाच 'गो' म्हणाले असतील, एवढे हादरले होते. आणि खरंच होतं त्यांचं म्हणणं. ह्यांनीच लावलेली शिस्त: पूजेची बंदूक डाव्या हाताने उचलायची नाही, पाय लागला तर तिच्या पाया पडायचं. आणि त्याच माणसाने माझ्या पायातली, विहिरीवरच्या चिखलाची चप्पल कापून तिला लावली, वरून रेक्झिनने झाकली आणि निमूट सगळ्यांना पाया पडायला लावलं. त्या जत्रेत बार काढायच्या आधी तिला फुलंही वाहिली होती. कुत्र्याला शिव्या बसत होत्या तेव्हा हे माझ्याबरोबर चुडतं उचलून बघत होते, म्हणजे चप्पल तेव्हा कुठे होती? बहुतेक ह्यांच्या स्कूटरच्या डिकीत.

सोय केल्या.

"हे मात्र काढता येईल," जाणकार म्हणाले. "बाकी काहीच परत करता येण्यासारखं नाही. हे एकच निघेल, आणि लाकडाला चुकांच्या खुणांपलीकडे काही होणार नाही. काढू?"

"नको," मी म्हटलं.

"बाय, तसाही ह्याने उपयोग..."

"तुम्हीच म्हणालात ना, वापरणाऱ्याने गरजेपोटी केलेला बदल चालतो म्हणून? हा गरजेपोटी केलेला आहे. ह्यांचा खांदा राहिला नव्हता." माझा आवाज वर्गात असतो तसा निघाला. किती दिवसांनी निघाला! "मग हा का नाही चालत?"

त्यांनी पहिल्यांदा वस्तूवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.  थट्टा करत नव्हते.

"चालेल," ते म्हणाले. "शंभर वर्षांनी."

आणि त्यांनी रेक्झिन परत ताणून धरलं आणि उपटलेल्या चुका एकेक करून जिथल्या तिथे ठोकून दिल्या. पैसे घेतले नाहीत. भाऊजींनी त्यांना केळ्यांचा घड स्कूटरला बांधून दिला.

'ना हरकत' मी त्याच आठवड्यात लिहून दिली, एका अटीवर. चप्पल निघता कामा नये. भाऊजींनी आधी ऐकलं नाही. भटजींना विचारतो म्हणाले, मग स्वतःच म्हणाले, नको, भटजींनी नाही म्हटलं तर पंचाईत. शेवटी त्यांनीच तोड काढली. दसऱ्याला बंदूक पाटावर नेहमीसारखी ठेवायची, पण दस्त्याचं टोक पाटाबाहेर राहील अशी. पाटावरचं ते शस्त्र, पाटाबाहेरचं ते पायताण. ह्या न्यायाला काय म्हणावं? पण त्यांचं समाधान झालं. परवाना यायला वेळ लागला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, त्यात एक निवडणूकही येऊन गेली. बंदूक घरी आली ती दसऱ्याच्या तोंडावर. भाऊजींनी चिंच-राख आणली, आणि मग माझ्याकडे बघून तशीच परत नेली.

मी मात्र अजून तशीच होते. चप्पल बघून रडू कोसळलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. ह्यांनी रबर लावलं, कबूल. पण त्या दोन पातळ थरांनी काय होणार? ठासलेल्या दारूचा धक्का तो. हात खांद्याकडे गेलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. उपाय केला म्हणजे उपाय लागू पडला असं थोडंच असतं! औषधंही केलीच होती की.

जत्रा आली. मी न जाण्याचं ठरवलं होतं आणि गेले. त्याच पायरीवर उभी राहिले. ढोल-ताशे थांबले, पालखी उंबऱ्याशी आली, भाऊजींनी सोवळं सावरलं आणि बंदूक खांद्याला लावली. दारू त्यांनी ह्यांच्याच मापाने भरली होती, तळहातावर घेऊन. शर्ट नव्हता, उघडा खांदा. बार झाला. आवाज नदीपलीकडे जाऊन परत आला. भाऊजी अर्धं पाऊल मागे सरकले आणि त्यांचा हात आपोआप खांद्याकडे गेला.

पालखी पुढे गेल्यावर मी त्यांच्याकडे गेले. धुराचा वास होता. ते आपला खांदा बोटांनी चाचपत होते आणि चेहऱ्यावर नुसता गोंधळ.

"दुखलं?" मी विचारलं.

"ना," ते म्हणाले. आणि मग, मी विश्वास ठेवणार नाही असं वाटून की काय, खांदा माझ्यासमोर धरला. लालसुद्धा झाला नव्हता. "खरेंच ना, वैनी. हांवें दुखतलें म्हूण हात लायलो, पूण कांयच ना. धक्को सगळो चपलेनच घेतलो."

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. पालखी शेतातून पार पुढे गेली, लोक परत यायला लागले, तरी थांबेना. भाऊजी बंदूक हातात घेऊन बाजूला उभे होते, दस्ता खाली न टेकवता.